फाडफाड इंग्रजी आणि बंद कपाटे

तालुक्याच्या गावात इंग्रजी शिकवण्याचे केंद्र काढायचे म्हटले की सल्ले न मागता मिळतात आणि सगळे एकाच तऱ्हेचे असतात. बस स्थानकाजवळ गाळा बघा. बाहेर मोठा फ्लेक्स लावा. 'नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी' ही अक्षरे रस्त्याच्या पलीकडून वाचता आली पाहिजेत. बॅच मोठी ठेवा, फी दोन हप्त्यांत घ्या. यावर मी सांगते की माझ्या केंद्रासाठी पहिली खरेदी झाली ती पुस्तकांची. मुले रोज तिथून गोष्टीचे पुस्तक घरी नेतात आणि वर्गाचा निम्मा वेळ वाचनात जातो. हे ऐकले की समोरचा माणूस माझ्याकडे काळजीने बघतो. "मॅडम, तुम्ही क्लास काढलाय की वाचनालय? लोकांना बोलायला शिकायचंय. गोष्टी वाचून कुणाला इंग्रजी आलंय?"

हा प्रश्न पालक विचारतात, शाळेतले शिक्षक विचारतात, स्वतः क्लास चालवणारेही विचारतात. विचारणाऱ्याच्या आवाजात इतकी खात्री असते की याला काही उत्तर असू शकेल, ही शक्यताच त्याने सोडून दिलेली असते. या खात्रीची मला चीड येते. कारण तिची किंमत ती बाळगणारे मोजत नाहीत. ती मोजतात मुले, आणि कांद्याच्या किंवा सोयाबीनच्या पट्टीतून फीचे पैसे बाजूला काढणारे त्यांचे आईबाप.

समोरची बाजू अर्धवट मांडून खोडणे सोपे असते, म्हणून ती आधी पूर्ण मांडते. ती बाजू अशी: भाषा बोलून येते, लहान मूल मराठी शिकते ते वाचून शिकत नाही. ज्याला इंग्रजीचे चार शब्द येत नाहीत त्याच्या हातात इंग्रजी पुस्तक देणे म्हणजे त्याला घाबरवणे. आधी व्याकरण आणि शब्दार्थ पाठ करून घ्या, वाचन पुढचे पुढे. मुलांना वेळ नाही. दहावी आहे, नीट आहे, सीईटी आहे, स्पर्धा परीक्षा आहेत आणि गोष्टींना मार्क नाहीत. मराठी पुस्तके तर इंग्रजीच्या वर्गात आणूच नका, त्याने इंग्रजी कच्चे राहते. वाचनाची आवड ही उपजत असते, शिकल्या-सवरल्या घरात असते, आमच्या मुलांत ती यायची नाही. आणि शेवटी, मोबाइल आल्यावर पुस्तकांचे दिवस संपले.

यातला एकेक मुद्दा घेऊ.

पहिला, बोलण्याचा. बोलण्याचा सराव लागतो हे मी मान्य करते. गावातल्या मुलाची भीड मोडावी लागते, चुकले तरी कुणी हसणार नाही अशी जागा त्याला द्यावी लागते. माझी मान्यता इथे संपते. आता हिशेब करू. एका बॅचला तीस मुले आणि एक तासाचा वर्ग. शिक्षकाने तोंडातून चकार शब्द काढला नाही आणि सगळा वेळ मुलांना वाटून दिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. आठवड्याला पाच वर्ग धरले तर तीन महिन्यांत साठ-पासष्ट वर्ग होतात. म्हणजे संपूर्ण कोर्समध्ये एका मुलाचे बोलणे जेमतेम दोन तासांचे. दोन तास बोलून कोणती भाषा आली आहे? तेच मूल रोज पंधरा मिनिटे, मिनिटाला साठ शब्दांच्या संथ गतीने, सोपे पुस्तक वाचत राहिले तर नव्वद दिवसांत त्याच्या डोळ्यांखालून एक्याऐंशी हजार शब्द जातात. तेही सुटे शब्द नव्हेत. वाक्यात बसलेले, प्रसंगात गुंतलेले, पुन्हा पुन्हा भेटणारे शब्द. दोन्हींपैकी कोणत्या मुलाकडे बोलण्यासारखे काही साठलेले असेल?

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बोलणे हा पोहरा आहे. पाठ केलेल्या ओळखीच्या चार वाक्यांपर्यंत मुलगा धडाधड बोलतो: नाव, गाव, शिक्षण, छंद. मुलाखत घेणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारला, "तुमच्या गावातल्या पाणीप्रश्नाबद्दल सांगा", की तो गप्प होतो. याला सगळे 'आत्मविश्वास कमी' म्हणतात आणि त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या आणखी एका कोर्सला पाठवतात. त्याचा आत्मविश्वास ठीक असतो. त्याच्याकडे शब्द नसतात. इंग्रजी शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ साली एक हिशेब मांडला. एका शब्दाची सगळी रूपे मिळून एकच शब्द धरला, तरी कानावर पडणारे इंग्रजी बिनआधार समजायला सहा ते सात हजार शब्द लागतात आणि कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायला आठ ते नऊ हजार. इतके शब्द कोणत्या फळ्यावर लिहून देणार? कोणत्या वहीत पाठ करून घेणार?

मूल मराठी न वाचता शिकते, हा दाखला सगळ्यांच्या तोंडी असतो. तो पूर्ण केला की तो माझ्याच बाजूने उभा राहतो. मूल घरात, अंगणात, ओट्यावर दिवसाला चारच तास मराठी ऐकते असे धरले, तरी पाच वर्षांत सात हजारांहून अधिक तास होतात. बोलायला लागण्याआधी ते वर्षभर नुसते ऐकत असते आणि पुढेही बोलण्याहून ऐकणेच जास्त असते. आता सांगा, आमच्या गावात इंग्रजीचे हे सात हजार तास कुठे आहेत? बाजारात? एसटीत? शेजारच्या काकूंच्या ओसरीवर? मुंबईच्या काही सोसायट्यांमधल्या मुलाभोवती इंग्रजी असते, ते फुकटात त्याच्या कानावर पडते. गावातल्या मुलाभोवती ते उभे करायचे तर सगळ्यात स्वस्त आणि हमखास साधन पुस्तक आहे. पुस्तक रात्री नऊ वाजताही बोलते, दहा वेळा तेच वाक्य न कंटाळता ऐकवते आणि चुकीवर हसत नाही.

हे मी नव्याने शोधलेले नाही. याच उपखंडात शंभर वर्षांपूर्वी हा वाद होऊन गेला आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात शिक्षक घडवण्याचे काम करत होते. बंगालमधल्या द्विभाषिकतेवर त्यांचा ग्रंथ १९२६ साली आला. बंगाली मुलाने इंग्रजी शिकताना सुरुवात वाचनापासून करावी, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यामागे एक कळवळ्याचा हिशेब होता. पुष्कळ मुले शाळा मध्येच सोडतात. जो अभ्यासक्रम शेवटपर्यंत पूर्ण केल्यावरच उपयोगी पडतो, तो मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या हाती काहीच ठेवत नाही. वाचनाचे तसे नाही. दोन वर्षे शिकला तर दोन वर्षांपुरते तरी त्याच्याजवळ उरते आणि पुढे ते एकट्याने वाढवता येते. विमा पॉलिसी मध्येच बंद केली तर हाती जी रक्कम येते, तो शब्द वेस्ट यांनी शिक्षणाला लावला. मोजक्या शब्दांत लिहिलेली, पायरीपायरीने चढणारी पुस्तके त्यांनी तयार केली आणि आज जगभर परभाषा शिकणाऱ्यांसाठी जी श्रेणीबद्ध पुस्तके निघतात, त्यांची वाट या कामाने पाडली. आजही आमच्याकडे मुलगा दोन महिन्यांनी क्लास सोडतो, कारण कापणी आली, कारण बहिणीचे लग्न निघाले, कारण दुसरा हप्ता जमला नाही. पाठ केलेले संवाद महिन्याभरात पुसले जातात. वाचायची सवय लागली असेल तर ती सोबत जाते. मध्येच सोडणाऱ्या मुलाला तुमचा नव्वद दिवसांचा कोर्स काय देतो?

दुसरा मुद्दा झेपण्याचा. "त्यांना एबीसीडी धड येत नाही, पुस्तक काय वाचणार?" हे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चुकीचे पुस्तक असते. कुठल्या तरी जाड इंग्रजी कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती, बारीक टाइप, पानागणिक वीस अनोळखी शब्द. ते पुस्तक खरेच झेपणार नाही आणि ते देणाऱ्याने मुलाचे नुकसानच केले. नेशन आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली दाखवले की शंभरात दोनपेक्षा जास्त शब्द अडले तर मदतीशिवाय गोष्ट नीट समजत नाही. यातून वाचन बंद करा असा अर्थ कसा निघतो? यातून एवढेच निघते की पुस्तक सोपे हवे. पानावर एकच ओळ असलेले चित्रांचे पुस्तक हवे, मग दोन ओळींचे, मग परिच्छेदाचे. आमच्याकडे नियम साधा आहे: पान उघडायचे, शब्द अडला की एक बोट मिटायचे; मूठ वळली तर पुस्तक मांडणीवर परत ठेवून दुसरे घ्यायचे. पुस्तक परत ठेवण्यात कमीपणा नाही, हे मुलाला एकदा कळले की त्याची भीती जाते. अकरावीतला मुलगा चित्रांचे पुस्तक वाचतो तेव्हा त्याला कुणी टोकत नाही, कारण तिथे प्रत्येकाची पायरी वेगळी आहे हे सगळ्यांना ठाऊक असते.

व्याकरण आधी पक्के करा म्हणणाऱ्यांना मला एक विचारायचे आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. त्याआधी ते पाचवीपासून होते. म्हणजे दहावी होईपर्यंत मूल दहा वर्षे इंग्रजी शिकते. काळ, प्रयोग, वाक्यपरिवर्तन, रिकाम्या जागा, सगळे होते. दहा वर्षांनंतरही तेच मूल इंग्रजी शिकायला क्लास शोधत माझ्याकडे येते. या दहा वर्षांत काय राहून गेले? आधी व्याकरण हा प्रयोग एका अख्ख्या पिढीवर करून झाला आहे. राहून गेले ते एकच: पाठ्यपुस्तकाबाहेरचे, परीक्षेत न येणारे, स्वतः निवडलेले एकही इंग्रजी पुस्तक त्या मुलाने वाचलेले नसते.

आणि उलट करून पाहिले तर काय होते, याचाही पुरावा आहे. फिजीच्या खेड्यांतली मुले घरी फिजियन किंवा भारतातून गेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशजांची हिंदी बोलत. इंग्रजी त्यांना भेटे ते शाळेतच. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या संशोधकांनी तिथल्या ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना अडीचशे सचित्र, रंजक इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली. काही वर्गांत मुले ती आपापली वाचत, काही वर्गांत शिक्षक वाचून दाखवत आणि त्यावर गप्पा होत. बाकीचे वर्ग नेहमीच्या पद्धतीने, रचनांची घोकंपट्टी करत शिकत राहिले. १९८३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचून समजण्यातली आणि ऐकून समजण्यातली प्रगती जवळपास दुपटीने झाली आणि दुसऱ्या वर्षी हा फायदा भाषेच्या इतर अंगांतही उतरला. ही मुले श्रीमंतांची नव्हती. त्यांच्या शाळा आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांहून वेगळ्या जगातल्या नव्हत्या. मग तिथे जे झेपले ते इथे झेपणार नाही, हे कोणी ठरवले?

तिसरा मुद्दा मार्कांचा. "गोष्टी वाचून परीक्षेत काय मिळणार?" हा प्रश्न मला दहावीच्या पालकांकडून सर्वांत जास्त ऐकू येतो. त्यांनी आपल्या मुलाचा पुढचा जून डोळ्यांसमोर आणावा. मराठी माध्यमातून उत्तम गुणांनी दहावी झालेले मूल अकरावी विज्ञानाला जाते आणि त्याच्या पुढ्यात भौतिकशास्त्राचे इंग्रजी पुस्तक येते. सेमी इंग्रजीची मुले थोडी सावरतात, बाकीची बुडतात. हुशार मुलाला पहिल्यांदाच आपण मठ्ठ आहोत असे वाटू लागते. त्या क्षणी त्याला कशाची गरज असते? संवाद म्हणण्याची? छंद सांगण्याची? त्याला एक इंग्रजी पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून त्यातला युक्तिवाद पकडता यायला हवा असतो. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, कायदा, कुठेही जा, पहिल्या वर्षाची अडचण वाचनाची आहे. स्पर्धा परीक्षेतला उताराही वाचायचाच असतो. ज्याने वेगाने वाचण्याची सवय लावून घेतली नाही, त्याला प्रश्न येत असूनही वेळ पुरत नाही. गोष्टींना मार्क नाहीत असे म्हणणारे लोक परीक्षेच्या पायाखालची जमीनच काढून घेत आहेत.

शिवाय लांब मजकुरात टिकून राहण्याची ताकद गाइडमधून येत नाही. गाइड उत्तर तोडून, क्रमांक देऊन, अधोरेखित करून भरवते. वाचणाऱ्याला स्वतः काही शोधावे लागत नाही. गोष्ट मात्र पुढे काय झाले या ओढीने मुलाला पन्नास पानांपर्यंत नेते आणि वाटेत अडलेल्या शब्दाचा अंदाज त्याला स्वतः बांधायला लावते. हा अंदाज बांधणे म्हणजेच भाषा शिकणे. म्हणून आवड ही माझ्या दृष्टीने सजावट नाही. आवडीशिवाय मूल ऐंशी हजार शब्द वाचणार नाही आणि तेवढे वाचल्याशिवाय भाषा अंगात मुरणार नाही. आवड हे या कामाचे इंजिन आहे आणि ते बाजूला ठेवून गाडी ढकलणाऱ्यांनी गाडी चालत नाही म्हणून मुलांना दोष देऊ नये.

चौथा मुद्दा मराठीचा, आणि इथे मला दोन्ही बाजूंशी भांडायचे आहे. एक बाजू म्हणते, इंग्रजी यायला हवे तर मराठी वाचन बंद करा, घरात इंग्रजीच बोला. दुसरी म्हणते, इंग्रजीची केंद्रे काढणारे मराठीच्या मुळावर उठले आहेत. दोघांचाही एका चुकीच्या समजावर विश्वास आहे: मुलाच्या डोक्यात एकाच भाषेपुरती जागा असते.

'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीचे २०२२ चे आकडे पाहा. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण २५ टक्क्यांनाच सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली. हा आकडा सांगून सगळे हळहळतात. त्याच पाहणीतला दुसरा आकडा सहसा कुणी सांगत नाही: पाचवीच्याच मुलांपैकी आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले साधारण ४३ टक्के होती. निम्म्याहून अधिक मुलांना ओळखीच्या, रोज बोलण्यातल्या भाषेतला एवढा सोपा उताराही वाचता येत नाही, आणि आपण त्यांना अनोळखी भाषा शिकवायला निघालो आहोत. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ सालीच मांडले की एका भाषेत कमावलेले वाचनाचे सामर्थ्य दुसऱ्या भाषेत उतरते. मजकुराचा रोख ओळखणे, पुढचा अंदाज बांधणे, न समजलेल्या जागी थांबून मागे येणे, हे एकदा मराठीत जमले की इंग्रजीत ते पहिल्यापासून शिकावे लागत नाही. घरी इंग्रजीच बोला म्हणणारे आईबाप तुटपुंज्या इंग्रजीत मुलाशी बोलतात तेव्हा त्याचे इंग्रजीही पिकत नाही आणि भरघोस मराठीही त्याच्या हातून जाते.

म्हणून आमच्या मांडणीवर मराठी पुस्तके इंग्रजीच्या शेजारी असतात. 'तोत्तोचान' मराठीत वाचून रडलेली मुलगी तेच पुस्तक इंग्रजीत उचलते, तेव्हा गोष्ट तिला ठाऊक असते, माणसे ओळखीची असतात, फक्त शब्द नवे असतात. सुधा मूर्तींच्या 'आजीच्या पोतडीतल्या गोष्टी' दोन्ही भाषांत मिळतात. 'श्यामची आई' इंग्रजीत शांता गोखल्यांनी आणली आहे. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचलेल्या मुलाला त्याच लेखकाची सोपी इंग्रजी आवृत्ती परकी वाटत नाही. मराठीवर प्रेम करणाऱ्यांनी मला सांगावे: मराठी पुस्तके मुलांच्या हातात देणारे इंग्रजीचे केंद्र मराठीच्या मुळावर कसे उठते? मराठीचे नुकसान मुले मराठी वाचत नाहीत म्हणून होते. ती इंग्रजीही वाचत नाहीत. न वाचणाऱ्या मुलाकडून कोणत्याच भाषेला काही मिळत नाही.

पाचवा मुद्दा मला सर्वांत जास्त बोचतो. "वाचनाची आवड आमच्या मुलांत नाही. ती शिकलेल्या घरांत असते." हे बोलणारा माणूस आपल्या मुलाला जन्माच्या आधीच एका दाराबाहेर उभा करतो. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजी सुभेदार आपल्या मुलासाठी पुस्तके आणत. खिशात पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडे जात, उसने मागत, तेही जमले नाही तर त्यांचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवत. मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी घोटून घेतली. तोच मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला, आणि मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते पुस्तक मराठीत होते. पुढे १९१३ साली तो मुलगा कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. डॉ. आंबेडकरांच्या असामान्य बुद्धीचा दाखला देऊन ही गोष्ट बाजूला सारता येणार नाही. बुद्धी त्यांची होती. पण पुस्तक हातात ठेवणारा एक बाप होता आणि बागेत वाचणाऱ्या मुलाची दखल घेणारा एक शिक्षक होता. आज आपण यांतले कोण आहोत?

आवड उपजत नसते, ती लावावी लागते, आणि लावण्यासाठी पुस्तक हाताशी असावे लागते. हाताशी पुस्तक नसण्याचे कारण गरिबी एवढेच नाही. महाराष्ट्राला वाचनालयांची परंपरा आहे: रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि आज राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये दहा हजारांहून अधिक आहेत. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिले आहे. इतके असूनही किती शाळांतले कपाट रोज उघडते? पुस्तक फाटले तर भरून कोण देणार, म्हणून किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये राहते. गावोगावच्या वाचनालयांत अभ्यासिका भरलेल्या आहेत, पण तिथले तरुण घरून आणलेले गाइड वाचतात आणि पाठीमागची पुस्तके धूळ खातात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, फोटो निघतात, १६ ऑक्टोबरला कपाट पुन्हा बंद. कुलूप आपण लावायचे आणि मुलांना आवड नाही असे आपणच म्हणायचे, हा अन्याय आहे.

पैशाचे कारणही पुरे पडत नाही. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स मुलांसाठी स्वस्त पुस्तके काढतात, मराठीत आणि इंग्रजीतही. प्रथम बुक्सचे 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून फुकट वाचता येते, छापूनही घेता येते. रद्दीच्या दुकानात 'टिंकल'चे जुने अंक मिळतात. फ्लेक्सवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात मांडणीचा एक खण भरतो. खर्च कशावर करायचा, हे ठरवण्याचा हा प्रश्न आहे.

शेवटचा मुद्दा मोबाइलचा, आणि त्याला फार जागा देण्याची गरज नाही. व्हिडिओने कान तयार होतो, उच्चार सुधारतात; त्याचा वापर आम्हीही करतो. पण मोबाइल भाषांतर करून देतो, म्हणून वाचायला शिकू नका, हा सल्ला धोक्याचा आहे. कर्जाच्या कागदावर काय लिहिले आहे, औषधाच्या वेष्टनावर काय बजावले आहे, परदेशी नोकरीच्या करारात पगाराखाली बारीक अक्षरांत काय अट आहे, हे यंत्राने सांगितले तरी ते बरोबर सांगितले का हे कोण तपासणार? ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. पूर्वी तो तलाठ्याच्या आणि सावकाराच्या शब्दावर विसंबत होता. आता यंत्राच्या शब्दावर विसंबेल. यात त्याची सुटका कुठे झाली?

आता माझे म्हणणे पुन्हा एकदा, सरळ सांगते. इंग्रजी शिकवणाऱ्या केंद्राच्या मध्यभागी पुस्तकांची मांडणी असली पाहिजे आणि ती मुलांच्या हाताला पोहोचेल इतक्या उंचीवर असली पाहिजे. तिला कुलूप नको. पुस्तक घरी गेले पाहिजे. फाटले तर चिकटवायचे, हरवले तर दुसरे आणायचे, त्यासाठी मुलाला गुन्हेगार करायचे नाही. शिक्षकाने रोज मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे आणि वाचून झाल्यावर प्रश्नपत्रिका काढायची नाही. मराठी आणि इंग्रजी पुस्तके एकाच मांडणीवर हवीत. बोलण्याचा सराव वाचलेल्या गोष्टीवर व्हावा, कारण तेव्हा मुलाकडे सांगण्यासारखे काही असते. जो शिक्षक स्वतः वाचत नाही त्याने मुलांना वाचा म्हणू नये; मुलांना ते लगेच कळते.

पालकांनी क्लास निवडताना फीच्या आधी एकच गोष्ट विचारावी: इथून माझे मूल आठवड्याला किती पुस्तके घरी आणेल? ज्या केंद्राकडे याचे उत्तर नाही त्या केंद्राला पैसे देऊ नका, मग त्याच्या फ्लेक्सवर किती का दिवसांची हमी असेना. मुख्याध्यापकांनी ड्रॉवरमधली किल्ली बाहेर काढावी. ग्रंथालयांच्या कार्यकारिणीने अभ्यासिकेच्या मागची कपाटे उघडावीत. आमच्या मुलांत आवड नाही, आमच्या मुलांना झेपणार नाही, आमच्या मुलांना वेळ नाही, ही तिन्ही वाक्ये मुलांना एकदाही खरी संधी न देता उच्चारली गेली आहेत. ज्याला स्वतःहून पुस्तक उघडून वाचता येते, त्याला इंग्रजी शिकवायला पुढे कोणत्याही क्लासची गरज उरत नाही, माझ्याही नाही. मुलांना तिथपर्यंत पोहोचवणे हेच इंग्रजीच्या केंद्राचे काम आहे, आणि जे केंद्र हे काम करत नाही ते इंग्रजी शिकवत नाही.